आज उबाल्दो कोणाकडे?

आमच्या नदीकाठच्या मागांगे गावात माणूस मेला की त्याला जायला नऊ रात्री लागतात. बंगलेवाला असो की नावाडी, कोणाला एक रात्र कमी नाही की जास्त नाही. हा हिशेब कोणी घालून दिला मला ठाऊक नाही. पण उभा जन्म मी मयताच्या अंगणांत बसून गोष्टी सांगण्यात घालवला आहे. बायका आत जप करतात, पुरुष बाहेर डोमिनो खेळतात, आणि मी त्यांना झोप येऊ देत नाही. एवढ्या अंगणांत दहाव्या दिवशी मागे राहिलेला मयत मी कधी पाहिला नव्हता. उबाल्दो तेवढा राहिला. उन्हाळ्यात मेला तो नदीला पूर यायला लागला तरी आमच्या बगळा गल्लीतच होता.

मी थापाड्या आहे हे गल्लीला माहीत आहे. मी पकडलेल्या एका माशाच्या पोटात चालू रेडिओ निघाला होता. हे मी सांगतो तेव्हा लोक फक्त एवढंच विचारतात की त्यावर गाणं कुठलं लागलं होतं. तेव्हा ही गोष्टही तुम्ही तशीच ऐका. गाणं कुठलं होतं ते विचारू नका.

आधी गेमचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. पूर्वी कन्सोलचे गेम डिस्कवर यायचे. एका घरानं डिस्क घेतली की ती गल्लीची झाली. विल्फ्रिदो नावाडी फुटबॉलची डिस्क आणायचा, त्याच्याकडून ती शेजारच्या रोसमिराकडे जायची, तिच्याकडून पुढे. कुंपणावरून जसं मीठ मागतात तशी डिस्क मागायची. परत येताना तिच्यावर रोसमिरा मक्याच्या भाकऱ्या, म्हणजे अरेपे, तळते त्याचं तेल असायचं. ती एक डिस्क इतक्या हातांतून गेली की शेवटी तिच्यातला गोलकीपर लंगडायला लागला.

मग नवा कन्सोल आला. विल्फ्रिदोनं तो खोक्यातून काढला, उलटा केला, आडवा केला, बोटानं चाचपून पाहिला.

“याला तोंडच नाही! खातो कुठून हा?”

कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा यामित तारा जोडत होता. तो म्हणाला, “इंटरनेटवरून, काका. आता डिस्क नाही. गेम थेट आत उतरतो.”

“बरं. मग माझा खेळून झाला की रोसमिराला कसा देऊ?”

“देता येत नाही.”

“का? पैसे मी दिले ना?”

“पैसे तुम्ही खेळायच्या परवानगीचे दिले. गेम त्यांचाच. ज्याच्या नावाचं अकाउंट, त्याला परवानगी.”

विल्फ्रिदोनं कन्सोल टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी घरात येऊन जेवून वर आपल्यालाच भाडं मागावं.

पण आमची गल्ली गल्लीच आहे. अकाउंटला बँकेचं कार्ड लागतं, आणि अख्ख्या गल्लीत कार्ड होतं एका उबाल्दोकडे. तो वीज कंपनीतून निवृत्त झाला होता, पेन्शन बँकेत यायची. मग सगळ्यांनी रोख पैसे उबाल्दोच्या हातात द्यायचे आणि त्यानं आपल्या नावावर गेम घ्यायचे, असं ठरलं. ते अकाउंट कुठल्याही घरातल्या कन्सोलवर उघडता यायचं, मात्र एका वेळी एकाच घरी. म्हणून पाळ्या लावल्या. अकाउंट नव्या घरी उघडलं की उबाल्दोच्या फोनवर कोड यायचा. तो दारात झुलत्या खुर्चीत बसलेला असायचा. चष्मा कपाळावरून खाली ओढायचा आणि नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात आकडे ओरडायचा. स्वतः तो कधीच खेळला नाही. म्हणायचा, “मी पेन्शनर माणूस. मला पळवू नका.”

पण पडद्यावर नाव त्याचंच यायचं. कोणीही खेळो, कोपऱ्यात हिरवा ठिपका आणि पुढे ‘उबाल्दो’. म्हणून ऊन उतरलं की गल्लीत एकच प्रश्न या दारातून त्या दारात फिरायचा. आज उबाल्दो कोणाकडे? कोणी म्हणायचं विल्फ्रिदोकडे, कोणी म्हणायचं नाही, आज रोसमिराची पाळी. त्याची बायको एतेल्विना खिडकीतून ओरडायची, “जेवायला तरी घरी पाठवा रे त्याला! रोसमिराकडे असतो तेवढा माझ्याकडे नसतो!” आणि रोसमिरा आपल्या परसातून उत्तर द्यायची, “तुझ्याकडे असतो तेव्हा घोरतो, माझ्याकडे असतो तेव्हा नांगर धरतो!” रोसमिराला शेतीचा गेम आवडायचा. तिच्या बापाची जमीन पुरात गेली होती. आता ती टीव्हीत मका लावायची.

तर तो उबाल्दो फेब्रुवारीत गेला. दुपारी, खुर्चीत, फोन हातात असताना. आमच्याकडे दुपारचं ऊन असं असतं की सावलीसुद्धा उठून घरात येऊन बसते. त्या वेळी गल्लीत कोणी नव्हतं. एतेल्विनानं त्याला कॉफी प्यायला उठवायला हात लावला, आणि मग तिनं ज्या स्वरात हाक मारली त्यानं सगळी दारं एकदम उघडली.

नऊ रात्रींचा जप सुरू झाला. पुढच्या खोलीत भिंतीला पांढरी चादर लावून वेदी मांडली. मेणबत्त्या, पाण्याचा पेला, त्याचा फोटो. एतेल्विनानं त्याची टोपी ठेवली, चष्मा ठेवला आणि फोनही ठेवला, चार्जिंगला लावून. “तो कधी बंद ठेवायचा नाही,” म्हणाली. जप सांगायला रोसमिरा. अरेपे तळणं हा तिचा धंदा, पण मयताचा जप सांगण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नाही. मी नेहमीप्रमाणे अंगणात.

नऊ दिवस गल्लीत टीव्ही लावायचा नाही, गाणी लावायची नाहीत, ही आमची रीत. गल्लीनं ती पाळली. एकाही घरातून आवाज आला नाही. मी मनात म्हटलं, उबाल्दोवर काय जीव होता लोकांचा!

पण तिसऱ्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की माझ्यासमोरची माणसं उठून आत जातायत. मी रेडिओवाला मासा काढला, तरी उठतायत. जी माणसं वर्षातून एकदाही चर्चमध्ये जात नाहीत ती वेदीसमोर गुडघे टेकून बसतायत, तीही सगळी उजव्या कोपऱ्यात दाटीवाटीनं. उजव्या कोपऱ्यात फोन होता. रोसमिरा म्हणायची, “आता आणि आमच्या मरणाच्या वेळी,” आणि फोन थरथरायचा. मग सगळ्यांच्या माना भक्तीनं खाली, आणखी खाली. एकजण छातीवर क्रूस करत बाहेर पडायचा, ओठांत आकडे घोळवत.

टीव्ही बंद नव्हते. फक्त आवाज बंद होता.

एतेल्विनाला हे नवव्या संध्याकाळी कळलं. शेवटचा जप, गर्दी मोठी, कॉफीचे पेले कमी पडले. ती स्वतः रोसमिराच्या घरी पेले आणायला गेली. रोसमिरा इकडे वेदीपाशी होती, पण मका पिकायला वेळ लागतो म्हणून टीव्ही चालू ठेवून आली होती. ट्रॅक्टर उभा होता. आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका. ‘उबाल्दो. सध्या खेळत आहे.’

ती पेले न घेता परत आली. सरळ वेदीसमोर बसली. आमच्याकडे नवव्या जपानंतर चादर उतरवतात, मेणबत्त्या विझवतात, आणि दारातली माणसं बाजूला होऊन वाट करून देतात, म्हणजे आत्मा निघून जातो. रोसमिरानं शेवटचं ‘आमेन’ म्हटलं आणि चादरीला हात घातला.

“हात लावू नकोस,” एतेल्विना म्हणाली.

“एतेल्वी, वेळ झाली.”

“तो गेलेला नाही. तुझ्या घरी मका लावतोय.”

रोसमिराचा हात चादरीवर तसाच राहिला. अंगणात डोमिनोच्या सोंगट्या थांबल्या.

“मला वेड लागलंय असं वाटून घेऊ नका,” एतेल्विना म्हणाली. आवाज चढला नव्हता. “त्याच्या सदऱ्याची बटणं मी लावली. पेटीवर माती मी टाकली. पण ज्याला तुम्ही रोज संध्याकाळी नावानं बोलावून घरोघरी नेता, त्याला मी दार दाखवू कसं? मी इकडे म्हणायचं ‘जा’ आणि तुम्ही तिकडे म्हणायचं ‘ये’? त्यानं कोणाचं ऐकायचं?”

 रोसमिरानं हात काढून घेतला. वेदी तशीच राहिली.

नंतर काही दिवस सगळे कन्सोल खरोखर बंद होते. लाज म्हणा, भीती म्हणा. एतेल्विनानं घरातली कामं चालू ठेवली, पण वेदीसमोर रोज नवी मेणबत्ती, पेल्यात नवं पाणी. जपाशिवाय उभी राहिलेली वेदी ही फार वाईट गोष्ट दिसते. पाहुणा जेवायला थांबलाय आणि घरात काही शिजत नाही, तसं वाटतं.

मग विल्फ्रिदो तिच्याकडे गेला. तो खुब्याचं हाड मोडल्यापासून नाव चालवत नाही, कुबडी घेऊन चालतो. मी तेव्हा तिच्या दाराशी बसलो होतो. तो आत येऊन टोपी हातात फिरवत उभा राहिला.

“वहिनी, मला कोड पाहिजे.”

“कशाला?”

“देइविससाठी.” देइविस त्याचा मुलगा. चिलीत सान्तियागोला इमारतींच्या रंगकामावर गेलाय, चार वर्षं झाली. “तो कामावरून आला की तिकडून लावतो, मी इकडून. फुटबॉल. आम्ही दोघं... वहिनी, मी माणूस कसा आहे तुम्हाला ठाऊक आहे.”

“फोन करत जा की त्याला.”

“फोनवर काय बोलू? कसा आहेस, बरा आहे, जेवलास का, जेवलो. संपलं. मग दोघंही फोन धरून बसतो आणि त्याला वाटतं लाइन तुटली. खेळताना तासभर गप्प बसता येतं. मध्येच तो म्हणतो, बाबा, इथं थंडी फार. मी म्हणतो, अंगात काहीतरी घाल. असं होतं कधीकधी.”

एतेल्विनानं वेदीवरचा फोन उचलून त्याच्या हातात दिला.

आणि तिथून ते पुन्हा सुरू झालं. विल्फ्रिदोला दिला तर इतरांना का नाही. आता कोड एतेल्विना सांगायची. ओरडायची नाही, दारात येणाऱ्याला हळूच सांगायची. पहिल्या आठवड्यात आम्हाला वाटलं, बरं झालं, बाईचं मन रमलं. मग आम्ही पाहिलं की ऊन उतरायला लागलं की ती केस विंचरून, धुतलेला झगा घालून फोनजवळ बसते. फोन थरथरला की चेहरा उजळतो. कोणीतरी त्याला बोलावतंय. “आज कुठे?” ती विचारायची. आणि मग पाळी संपायची वेळ झाली की दोन ताटं वाढायची.

तिची मुलगी बारांकिया शहरातून तिला न्यायला आली होती. वरची खोली रंगवून ठेवलीय म्हणाली. एतेल्विना म्हणाली, “येईन, पण याला कोणाच्या भरवशावर सोडू?” मुलगी बसमध्ये चढताना माझ्याजवळ थांबली. म्हणाली, “लिसांद्रो काका, तुम्ही सगळ्यांना गोष्टी सांगता. आईला खरं कोण सांगणार?” मी तिची पिशवी उचलून बसमध्ये दिली. 

एकदा संध्याकाळी विल्फ्रिदोकडे आम्ही चारपाचजण त्याचा सामना पाहत होतो. एतेल्विना युकाच्या कंदाचे उकडलेले बोयो घेऊन आली आणि दाराला टेकून उभी राहिली. पडद्यावर ‘उबाल्दो’ लिहिलेला संघ धावत होता. चेंडू मिळाला, त्यानं मैदानभर धाव घेतली. आणि एतेल्विना म्हणाली, “विल्फ्रिदो, इतकं पळवू नकोस रे त्याला. पोटरीत गोळा येतो त्याच्या. रात्री मलाच चोळावी लागते.”

विल्फ्रिदोची बोटं थांबली. समोरच्या संघानं गोल केला. चिलीतून देइविसचा आवाज आला, “बाबा, झोपलात का?”

कोणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही यामितच्या दुकानात जमलो. त्याला म्हटलं, कंपनीला लिही. विचार, हे अकाउंट दुसऱ्या जिवंत माणसाच्या नावावर करता येईल का. नाव बदललं की ठिपक्यापुढे दुसरं काहीतरी येईल, गेमही राहतील आणि उबाल्दोही सुटेल. यामितनं लिहिलं. उत्तर आलं ते त्यानं आम्हाला वाचून दाखवलं. शब्द गोड होते. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मात्र परवानगी ही ज्याची त्यालाच असते. ती विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसाला मिळत नाही. माणूस गेला की परवानगी संपली.

“म्हणजे अंगठी वारसाला जाते, बकरी जाते, भांडण जातं,” रोसमिरा म्हणाली, “आणि माझा मका जात नाही?”

“मका तुमचा नव्हताच, मावशी.”

“पेरला कोणी? तुझ्या कंपनीनं?”

“माझी कंपनी नाही हो ती! माझ्यावर का ओरडताय?” यामितनं फोन खाली ठेवला. “एवढंच की आपण कळवत नाही तोवर त्यांच्या लेखी उबाल्दो काका जिवंत आहेत.”

“मग कळवू नका,” विल्फ्रिदो म्हणाला. “सोपं आहे.”

मागे कोणीतरी घसा खाकरला. एतेल्विना दुकानाच्या पायरीवर उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“विल्फ्रिदो,” ती म्हणाली, “तुझ्या पोराच्या टीव्हीवर नाव कोणाचं दिसतं?”

“उबाल्दोचं.”

“मग पोरगा कोणाशी खेळतो?”

“माझ्याशी! त्याला माहीत आहे ना, वहिनी. त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे.”

“हो. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे.” ती पायरीवर बसली, यामितनं पुढे केलेली खुर्ची तिनं घेतली नाही. “मलाही माहीत असतं. सकाळी माहीत असतं, दुपारी माहीत असतं. संध्याकाळी फोन वाजला की मला विसरायला होतं. मी उठून केस विंचरते. काल मी त्याच्यासाठी मासळी घेतली, विल्फ्रिदो. घासाघीस करून, त्याला आवडते ती. घरी येऊन साफ केली, मीठ लावलं, आणि मग मला आठवलं. असा रोज तो माझ्यासाठी नव्यानं मरतो. तुमच्यासाठी एकदाच मेला.”

बाहेर एक कोंबडी दुकानात शिरायला बघत होती. तिला कोणी हाकललं नाही.

“पैसे तुमचे आहेत,” ती पुढे म्हणाली. “ते मी विसरले नाही. म्हणून मी माझ्या मनानं काही करणार नाही. फोन माझ्याकडे आहे, मृत्यूचा दाखलाही आहे, कंपनीला कधीच पाठवता आला असता. पण त्यानं तुमच्यासाठी जे जमवलं ते मी तुमच्या तोंडून काढून कसं घेऊ? तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा बोलणार नाही. उद्या संध्याकाळी कोड मागायला या, देईन.”

आता असं विचारलं तर नाही कोण म्हणणार, असं तुम्हाला वाटेल. पण त्या दुकानात बराच वेळ कोणी हो म्हणालं नाही. मी माणसांना दोष देत नाही. नदी काठ घेऊन जाते, सरकार रस्ता करायचा विसरतं, पोरं चिलीला जातात. टीव्हीच्या त्या चौकोनात त्यांचं थोडं काहीतरी जागच्या जागी राहत होतं. रोसमिरा हाताला नसलेलं पीठ पुसत होती. सगळे विल्फ्रिदोकडे पाहत होते, कारण सगळ्यात जास्त जाणार होतं ते त्याचं.

“रविवारपर्यंत द्या,” शेवटी तो म्हणाला. “मला पोराला सांगावं लागेल. खेळताखेळता सांगेन. तसं जमेल.”

“रविवार,” एतेल्विना म्हणाली.

रविवारी नववा जप पुन्हा करायचा होता, त्याला झाडून सगळी गल्ली आली. कोपऱ्यात गर्दी कोणी केली नाही. सगळे घरभर नीट पसरून बसले. विल्फ्रिदो दारापाशी, पाय लांब करून. देइविसला सांगितलंस का, असं मी डोळ्यांनीच विचारलं. “तो म्हणाला, मग आता फोनवर बोलायला शिका,” तो पुटपुटला. “मी म्हटलं, तू शिकव.”

यामितनं दाखला पाठवला होता. पण उत्तर माणसाचं नव्हतं, यंत्राचं होतं. अकाउंट फक्त ज्याचं आहे तोच बंद करू शकतो. आपल्या फोनवर कोड पाठवला आहे. यामित चिडला, म्हणाला, पुन्हा लिहू, माणूस शोधू. एतेल्विनानं फोन त्याच्या हातातून घेतला. पडद्यावर लिहिलं होतं, आपण उबाल्दो आहात का?

तिनं झग्याच्या टोकानं पडदा पुसला.

“हो म्हण, एतेल्वी,” रोसमिरा म्हणाली.

“वेदीसमोर खोटं बोलू?”

“लिसांद्रोला विचार. खोट्यातलं त्याला कळतं.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, “वहिनी, त्याची पेन्शनची सही गेली दहा वर्षं कोण करत होतं?”

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिनं हो दाबलं.

मग यंत्रानं दुसरं विचारलं. पुढील सर्व गोष्टी कायमच्या जातील, कृपया वाचून पाहा. आणि खाली एकाखाली एक, आम्ही इतक्या वर्षांत घेतलेले सगळे गेम. अक्षरं बारीक होती. उबाल्दोचा चष्मा वेदीवर होता, तो घालून एतेल्विना वाचू लागली, पण दुसऱ्या ओळीला तिनं फोन रोसमिरापुढे धरला. रोसमिरानं फोन घेतला. आणि तिला आयुष्यभराची सवय, तिच्या तोंडून ते जपाच्या चालीत यायला लागलं.

“गेल्या वर्षीचा फुटबॉल.”

 मग मागून कोणीतरी, सवयीनंच, म्हणालं, “त्याला विसावा दे.”

“त्याच्या आदल्या वर्षीचा फुटबॉल.”

“त्याला विसावा दे.”

“ट्रक चालवायचा, डोंगरातला.”

“त्याला विसावा दे.”

“भुतांची हवेली, भाग दुसरा.” इथं एक पोरगी फिसकन हसली आणि तिच्या आईनं तिला चिमटा काढला. पण पुढच्या ओळीला सगळ्या घराचा आवाज एक झाला होता. मोटारींची शर्यत. मुष्टियुद्ध. हरवलेल्या बेटाचा, जो कोणालाच शेवटपर्यंत जमला नव्हता. नाव यायचं आणि कोणाच्यातरी तोंडावरून काहीतरी सरकून जायचं, कारण प्रत्येक नावात कोणाचातरी पावसाळा होता, कोणाचंतरी आजारपण. मी कित्येक मोठ्या माणसांचे जप ऐकलेत, मेयरचा ऐकलाय. असा ऐकला नव्हता.

शेवटचा होता शेतीचा. रोसमिरा थांबली. मग ते नाव तिनं बाकीच्यांपेक्षा मोठ्यानं म्हटलं.

“त्याला विसावा दे,” एतेल्विना म्हणाली, आणि बटण दाबलं.

फोन थरथरला. यामितनं वाकून वाचलं आणि वाचावं की नाही अशा चेहऱ्यानं वाचून दाखवलं. “‘तुम्ही चाललात याचं आम्हाला वाईट वाटतं, उबाल्दो. मन बदललं तर कधीही परत या.’”

“येऊ नकोस,” एतेल्विना फोनला म्हणाली. रागानं नाही. पाहुण्याला निघताना, आता उन्हात मागे फिरू नकोस, असं म्हणतात तसं. मग तिनं फोन बंद केला. पडदा काळा झाल्यावरही ती अंगठा त्यावर दाबून उभी होती.

चादर उतरवली. रोसमिरानं एक टोक धरलं, एतेल्विनानं दुसरं. मेणबत्त्या मागून पुढे एकेक विझवल्या. माणसं उठली, दारातून दोन्ही बाजूंना झाली, अंगणातली झाली, आणि तसंच होत होत रस्त्यातलीही, भिंतींना पाठ लावून, नदीपर्यंत. मध्ये वाट मोकळी. विल्फ्रिदोनं आपली कुबडीसुद्धा मागे ओढून घेतली. एतेल्विना उंबऱ्यात आली आणि बाजूला उभी राहिली.

एरवी माणसं एक आमेन म्हणण्याइतकी थांबतात आणि पांगतात. त्या दिवशी कोणी पहिलं पाऊल टाकेना. वाट तशीच मोकळी राहिली. तेवढ्यात नदीकडून एक दुचाकीवाला आला, दुसऱ्या वस्तीतला, मागे पिशव्या घेतलेली बाई बसलेली. गल्लीच्या तोंडाशी त्यानं दोन्हीकडे उभी असलेली माणसं पाहिली, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं. मागची बाई उतरली. दोघांनी दुचाकी भिंतीकडेला ढकलली आणि तीही रांगेत उभी राहिली.

बऱ्याच वेळानं त्यानं हळूच विचारलं, “कोण गेलं?”

मी तोंड उघडलं होतं, पण उत्तर एतेल्विनानं दिलं.

“माझा नवरा,” ती म्हणाली. “आत्ताच गेला.”